आंतरवासितेचे आठवडे आणि ज्वारीचे दिवस : माध्यमिक कृषिशिक्षणातील छात्राध्यापनाची चिकित्सा (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

माध्यमिक शाळेतील कृषिशिक्षणाविषयी मराठीत जे लेखन होते ते बहुधा धोरणाच्या अंगाने होते. कोणत्या समितीने काय सुचविले, शासनाने त्यातील काय स्वीकारले, विषयाला तासिका किती मिळाल्या याची चर्चा पुष्कळ आढळते. हा विषय वर्गात प्रथमच शिकवायला उभा राहणारा छात्राध्यापक मात्र या चर्चेत क्वचितच दिसतो. आंतरवासितेच्या काळात त्याच्याकडून दैनंदिनी, पाठानंतरची आत्मपरीक्षणाची टिपणे आणि अखेरचा अहवाल असे बरेच चिंतन लिहून घेतले जाते. ते तपासले जाते, त्याला गुण मिळतात आणि ते कपाटात जाते. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने तो एक लेखनप्रकार आहे आणि त्याचा साचा ठरलेला आहे. प्रस्तुत लेखात या साच्याची चिकित्सा केली आहे. हा साचा एका पाठाला एकक मानतो. शेतीचे एकक हंगाम हे आहे. दोहोंचा मेळ न घातल्यामुळे छात्राध्यापकाला स्वतःच्या अध्यापनातील जे दिसायला हवे ते दिसत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

परिसर

या चिकित्सेसाठी सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीचा परिसर निवडण्याचे कारण उघड आहे. कृषिशिक्षण म्हटले की खेड्यातील शाळा, शाळेमागची एक-दोन एकर जमीन, विहीर असे चित्र उभे केले जाते. येथे त्यांपैकी काहीही नाही. यंत्रमागाचा खडखडाट, टॉवेल आणि चादरींचे कारखाने, तयार कपड्यांची युनिटे आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या कामगारवस्त्या हे या भागाचे स्वरूप आहे. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती चादर आणि तिच्याबरोबरचा टॉवेल विणणाऱ्या कुटुंबांची मुले या परिसरातील शाळांत शिकतात. अनेकांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड आणि वर्गात मराठी. याच रस्त्याने पुढे गेले की कुंभारीच्या शिवारात विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत लागते, आणि तेथेच असंघटित कामगारांसाठी उभारलेल्या रे नगरमधील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. त्याही पुढे वळसंगच्या दिशेने काळी राने सुरू होतात. म्हणजे कारखान्याचे फाटक आणि ज्वारीचे ताट यांमध्ये काही किलोमीटरचेच अंतर आहे.

या मुलांना शेतीशी काय कर्तव्य, असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. कोठारी आयोगाने (१९६४-६६) त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. कनिष्ठ स्तरावर केवळ शेतीच्या वेगळ्या शाळा काढण्याची कल्पना आयोगाला मान्य नव्हती. त्याऐवजी सर्व प्राथमिक शाळांच्या, शहरी शाळांच्यासुद्धा, कार्यक्रमाला शेतीची दिशा असावी आणि शालेय स्तरावर कार्यानुभवात शेतीला महत्त्वाचे स्थान मिळावे, असे त्याचे मत होते. शेती हा केवळ शेतकऱ्याच्या मुलाचा विषय नव्हे, असा त्याचा अर्थ होतो. सोलापूरच्या संदर्भात तर हा मुद्दा अधिकच खरा ठरतो. येथील विणकरांच्या पूर्वजांपैकी अनेकांना तेलंगणातून या शहरात आणण्यात दुष्काळाचा वाटा मोठा होता. घरात कडक भाकरी रोज खाल्ली जाते. तिची ज्वारी कोणत्या जमिनीत, किती पाण्यावर आणि कोणाच्या कष्टाने येते हे मात्र ती खाणाऱ्या मुलाला ठाऊक असतेच असे नाही.

१८८२ चे निवेदन

कृषिशिक्षण आणि शिक्षक-प्रशिक्षण यांचा एकत्र विचार महाराष्ट्रात प्रथम कोणी केला, या प्रश्नाचे उत्तर अध्यापक महाविद्यालयांच्या टिपणांत सहसा १९३७ च्या वर्धा योजनेपासून सुरू होते. ते पंचावन्न वर्षे मागे न्यायला हवे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्यात खेड्यातील प्राथमिक शाळांत शेतीचे धडे असावेत आणि त्यांना लहानशा नमुना शेतांवरील प्रत्यक्ष कामाची जोड असावी, अशी मागणी आहे. त्याहून महत्त्वाचा भाग शिक्षकाविषयीचा आहे. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची ज्याला लाज वाटत नाही आणि जो खालच्या थरांतील लोकांत सहज मिसळू शकतो असा शिक्षक त्यांना हवा होता. शिक्षकांच्या प्रशिक्षणक्रमात नेहमीच्या विषयांबरोबर शेती व आरोग्यरक्षण यांचे प्राथमिक ज्ञान असावे, असेही त्यांनी सुचविले होते. पुढल्याच वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला हे लक्षात घेतले म्हणजे या सूचनेमागची तळमळ कळते.

यातील ‘लाज’ हा मुद्दा नंतरच्या शिक्षणशास्त्राने जवळजवळ सोडूनच दिला. वर्धा योजनेत सूतकताई-विणकाम आणि शेती हे दोन्ही मूलोद्योग होते. या औद्योगिक वसाहतीच्या दोन्ही अंगांना नेमके तेच दोन व्यवसाय आहेत, आणि ते येथील शाळेच्या वेळापत्रकात मात्र सापडत नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास १९३५ साली शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले तेव्हा श्रम आणि प्रशिक्षण यांची सांगड प्रत्यक्षात घातली गेली. पुढे ईश्वरभाई पटेल समितीचे (१९७७) ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ आले. पुष्कळ शाळांत त्याचे रूपांतर कागदी फुले आणि भरतकामाच्या वहीत झाले, हे सर्वांना माहीत आहे.

वीस आठवडे, दोन वाटा

आज माध्यमिक शाळेतील मुलांपुढे शेती दोन प्रकारच्या नवशिक्यांकडून येते, आणि या दोघांची एकमेकांशी सहसा गाठ पडत नाही.

पहिला बी.एड.चा छात्राध्यापक. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि पूर्वीच्या छात्रसेवाकालाचा विस्तार करून शालेय आंतरवासितेला एकूण वीस आठवडे दिले; त्यातील सोळा आठवडे दुसऱ्या वर्षात सलग घालवावेत असा आराखडा आहे. हा छात्राध्यापक बहुधा विज्ञान किंवा भूगोल या पद्धतीतून शेतीकडे येतो. मृदेचे प्रकार, पिकांचे वर्गीकरण, सिंचनाच्या पद्धती हे घटक तो शिकवतो. त्याला उद्दिष्टे लिहिता येतात, प्रस्तावना रंगवता येते, फलकलेखन नेटके असते. कुळव आणि कोळपे यांतील फरक त्याला सांगता येईलच असे नाही.

दुसरा कृषी महाविद्यालयाचा अंतिम वर्षाचा विद्यार्थी. रंधवा समितीच्या (१९९२) शिफारशीतून आलेल्या ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात तो गावात राहतो. वर्तमानपत्रांतील छायाचित्रांमुळे ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ ही नावे आता सर्वपरिचित आहेत. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात या कार्यक्रमाला कृषी-उद्योगातील प्रशिक्षणासह वीसच आठवडे होते आणि त्यातील आठ गावासाठी राखलेले होते. बीजप्रक्रिया, माती परीक्षणासाठी नमुना घेणे, बोर्डो मिश्रण तयार करणे ही प्रात्यक्षिके तो शेतकऱ्यांना दाखवतो आणि गावच्या शाळेतही एखादा दिवस जातो. त्याला पीक कळते. चौदा वर्षांच्या मुलाला प्रश्न कसा विचारावा आणि त्याच्या चुकीच्या उत्तराचे काय करावे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

वीस आठवडे येथे आणि वीस आठवडे तेथे, हा योगायोगच. परंतु दोन्ही कार्यक्रम आखणाऱ्यांनी एकमेकांची कागदपत्रे वाचल्याचे कोठे जाणवत नाही. गेल्या दशकात नववी ते बारावीच्या शाळांत व्यवसाय शिक्षणाचा विषय म्हणून शेती आली आणि तिसरा शिक्षक उभा राहिला. तो बहुधा बाह्य संस्थेमार्फत, मानधनावर नेमलेला असतो. वरील दोन्ही उणिवा भरून काढण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली जाते, आणि पुढच्या वर्षी आपण या शाळेत असू की नाही हे त्याला माहीत नसते. कृषिशिक्षणाची व्यवस्थेतील खरी किंमत या नेमणुकीच्या पद्धतीवरून कळते.

टाचणवही आणि पीक

आता चिंतनलेखनाकडे वळता येईल. अध्यापक महाविद्यालयांतील पाठ टाचणाचा वंश हर्बार्टच्या पंचपदीपर्यंत जातो. प्रत्येक पाठ स्वतःपुरता पूर्ण असावा, ही त्यामागची धारणा आहे. सूक्ष्म अध्यापनाने तर त्या पाठाचेही कौशल्यांत तुकडे केले. पाठ संपल्यावर छात्राध्यापक जे चिंतन लिहितो त्याची वाक्ये कोणत्याही महाविद्यालयात जवळपास सारखी असतात : विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला होता, वेळेचे नियोजन जमले नाही, शैक्षणिक साधनाचा आकार मोठा हवा होता. यात खोटे काही नसते. पण ही वाक्ये पानिपतच्या पाठाखालीही चालतात आणि ज्वारीच्या पाठाखालीही. ज्या चिंतनात विषय बदलला तरी एक शब्द बदलावा लागत नाही, ते चिंतन विषयाविषयीचे नसते.

जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये चिंतनशील विचाराची जी मांडणी केली, तिचा आरंभ अडचणीपासून होतो. कृती अडली पाहिजे, मग विचार सुरू होतो. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये याच धाग्याने कृती चालू असतानाचे चिंतन आणि कृतीनंतरचे चिंतन असा भेद केला. आपल्याकडील प्रशिक्षणक्रमांनी या दोघांची नावे घेतली आणि दुसऱ्या प्रकारच्या चिंतनाचा एक तक्ता बनवला. शेतीत तर अडचणच उशिरा येते. ज्या पाठाविषयी सायंकाळी चिंतन लिहायचे आहे, त्या पाठात पेरलेले बी अद्याप मातीखाली असते.

सोलापूरच्या मातीचे उदाहरण घेणे योग्य होईल. येथील पाऊस सप्टेंबरात सर्वाधिक असतो आणि रब्बी ज्वारी त्या ओलीवर येते. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र १९३३ च्या सुमारास याच शहरात सुरू झाले. मोहोळच्या संशोधन केंद्राची मालदांडी ३५-१ ही निवड आजही भाकरी आणि कडबा या दोन्हींसाठी मागितली जाते. सप्टेंबरच्या मध्यापासून हस्त नक्षत्रापर्यंत पेरणी होते. तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने पहिली कोळपणी, पाच आठवड्यांनी पासाच्या कोळप्याने दुसरी आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने तिसरी, ही राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. तिसऱ्या कोळपणीचा हेतू तण काढणे इतकाच नसतो. तोवर काळ्या जमिनीला भेगा पडू लागतात, त्या बुजून ओल उडून जाऊ नये यासाठी ती करायची. पन्नास-पंचावन्न दिवसांत पीक पोटरीत येते, सत्तर-पंचाहत्तर दिवसांत फुलोऱ्यात, नव्वद-पंच्याण्णव दिवसांत दाणा भरतो. सुमारे चार महिन्यांत पीक काढणीला येते.

सोळा आठवडे म्हणजे एकशे बारा दिवस. आंतरवासितेची लांबी आणि ज्वारीचे आयुष्य जवळपास सारखे आहे! एका छात्राध्यापकाला एक पीक पेरणीपासून दाणा भरेपर्यंत मुलांबरोबर पाहता येईल, इतका वेळ विनियमांनी देऊन ठेवला आहे. असे असून तो वेळ घटक, उपघटक आणि पाठ क्रमांकांत वाटला जातो. आंतरवासिता कोणत्या महिन्यात सुरू व्हावी हे प्रवेशप्रक्रिया, सत्र परीक्षा आणि शाळेची सोय ठरवते. पाऊस ठरवत नाही. त्यात आणखी एक गोष्ट अशी की पहिली किंवा दुसरी कोळपणी बहुतेक वर्षी दिवाळीच्या सुट्टीत येते. मुले घरी, छात्राध्यापक त्याच्या गावी आणि पिकात तण. हा प्रसंग कोणत्याही दैनंदिनीत नोंदवला जात नाही, कारण त्या दिवसांची पाने कोरीच असतात.

अमेरिकेत ही अडचण शंभर वर्षांपूर्वी ओळखली गेली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्दम्प्टन येथील शेतकी शाळेचे प्रमुख रूफस स्टिम्सन यांनी १९०८ नंतर ‘गृहप्रकल्पा’ची पद्धत रूढ केली : विद्यार्थ्याने पीक घरच्या जमिनीवर घ्यायचे आणि शिक्षकाने तेथे जाऊन ते पाहायचे. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखालील प्रत्यक्ष काम आवश्यक केले. शाळेची सुट्टी आणि पिकाची गरज यांतील विरोध तेथे वेळापत्रक वाढवून सोडवला नाही, शिक्षकाच्या कामाची व्याख्या बदलून सोडवला. अर्थात तेथील विद्यार्थ्याच्या घरी जमीन होती. अक्कलकोट रस्त्यावरील यंत्रमाग कामगाराच्या मुलाकडे ती नाही. म्हणून ती पद्धत येथे जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही.

उगवणीचा आकडा

जमीन नसलेल्या शाळेत काय शक्य आहे, हे पाहताना पाबळच्या विज्ञान आश्रमाचा अनुभव उपयोगी पडतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा कार्यक्रम उभा केला. आठवड्यातील एक दिवस मुले हाताने काम करतात. शेती-पशुपालनाबरोबर अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य हे विभाग त्यात आहेत, आणि शिकवणारा निदेशक शक्यतो गावातीलच, ते काम येणारा असतो. वेल्डिंग आणि वाफे एकाच वेळापत्रकात बसवणारी ही रचना औद्योगिक वसाहतीतील शाळेला उपरी वाटण्याचे कारण नाही. २०२३ च्या राष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम आराखड्यानेही व्यवसाय शिक्षणात सजीवांशी निगडित काम, यंत्रे व साहित्याशी निगडित काम आणि मानवी सेवा असे तीन गट केले आहेत. पहिल्या दोन गटांची सामग्री या परिसरात पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

परंतु साधनांपेक्षाही कठीण प्रश्न प्रामाणिक नोंदीचा आहे. उगवणक्षमता चाचणीसारखी साधी कृती घेऊ. ज्वारीचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे आणि काही दिवसांनी मोजायचे. वर्गात, जमिनीशिवाय, जवळपास खर्चाशिवाय होणारे हे काम. प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवण ७५ टक्के असावी लागते. समजा, मुलांनी मोजलेला आकडा एकसष्ट आला. नवख्या छात्राध्यापकाची पहिली प्रतिक्रिया पाठ फसला अशी होते. निरीक्षक मागच्या बाकावर बसलेले असतात, टाचणात ‘अपेक्षित उत्तर’ या रकान्यात ऐंशी लिहिलेले असते. तो ‘आपण साधारण ऐंशी धरू’ असे म्हणून पुढे जातो आणि सायंकाळी दैनंदिनीत विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला असल्याचे नोंदवतो. येथे एक वाईट पाठ झाला इतकेच घडत नाही. बियाणे जुने होते की साठवण चुकली, गोणपाट वाळले होते की कूपनलिकेचे पाणी खारे होते, आणि हे बियाणे पेरणाऱ्याने एकरी दाणे वाढवावेत की पिशवी परत करावी, असे पाच-सहा खरे प्रश्न त्या एका वाक्याने पुसले जातात. बियाणे न उगवल्यामुळे दुबार पेरणी करावी लागलेल्या घरातील मूल त्या वर्गात असेल, तर त्याला त्या आकड्याचा अर्थ शिक्षकापेक्षा अधिक कळलेला असतो. ते गप्प बसते.

यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाच्या मुलाला अशी मोजणी परकी नसते. टॉवेलच्या थानात दोष किती निघाले यावर घरी मजुरीची बोलणी होत असतात; मोजलेला आकडा ‘साधारण’ धरला तर काय होते, हे त्याने ऐकलेले असते. या मुलांच्या अनुभवविश्वात शेती नाही, असे गृहीत धरून त्यांच्यापुढे बैलगाडीची चित्रे लावणारा छात्राध्यापक हे जमेचे भांडवल वाया घालवतो. पाठ्यपुस्तकी शेती ही बहुधा भूतकाळातील, हिरवी आणि निवांत असते. येथील मुलांच्या कुटुंबांनी जी शेती सोडली ती तशी नव्हती. त्यांना पुन्हा शेतीकडे वळवणे हा हेतू असण्याचे कारण नाही, आणि कामगाराच्या मुलांसाठी शेती व इतरांसाठी विज्ञान अशी वाटणी तर मुळीच मान्य होण्यासारखी नाही. फुल्यांच्या निवेदनातील मागणी शिक्षकाने नांगर धरावा अशी होती. शूद्रादिकांच्या मुलांना नांगरालाच बांधून ठेवावे अशी नव्हती. व्यवसाय शिक्षणाच्या उत्साहात हा भेद अनेकदा पुसट होतो.

नोंदीचे स्वरूप

वरील विवेचनावरून आंतरवासितेतील चिंतनलेखनाची रचना कशी बदलावी लागेल याचा काही अंदाज येतो. पाठामागून टिपण लिहिण्याची प्रथा चालू ठेवायला हरकत नाही. वेळेचे नियोजन आणि फलकलेखन हेही शिकावेच लागते. त्याबरोबर एका पिकाची एकच सलग नोंद असावी. शाळेला जमीन नसेल तर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांतील काही ताटे आणि वळसंग रस्त्यावरील एखाद्या शेतकऱ्याच्या रानाला तीन कोळपण्यांच्या वेळी तीन भेटी, एवढ्यावर ती होऊ शकते. पोत्यातील ज्वारीचे ताट आणि रानातील ताट यांत फरक पडणारच, आणि तो का पडला हा नववीच्या वर्गाला आठवडाभर पुरेल असा प्रश्न आहे. दिवाळीत पाणी कोण घालणार याची वाटणी मुलांनीच करावी आणि ती पाळली गेली नाही तर तेही लिहावे. त्या काळात गावात किंवा परिसरात कृषिदूत असतील तर त्यांच्यापैकी एकाने बीजप्रक्रिया दाखवावी आणि छात्राध्यापकाने प्रश्न विचारावेत. दोघांनी एकमेकांचे निरीक्षण लिहावे. किलोला चार ग्रॅम गंधक कशासाठी, या प्रश्नाला ‘काणी रोगासाठी’ एवढे उत्तर कृषिदूताला पुरते. काणीने नेमके काय होते हे न पाहिलेल्या मुलाला ते पुरत नाही, ही गोष्ट त्याला छात्राध्यापकाकडूनच कळू शकते.

अडचण मूल्यमापनाची आहे आणि ती किरकोळ नाही. निरीक्षकाला एका तासिकेत जे दिसते त्यालाच गुण देता येतात. तिसऱ्या आठवड्यात खोडमाशीने वाळलेले पोंगे, आठव्या आठवड्यात न झालेली कोळपणी, पोत्यातील ताटाला न आलेले कणीस यांना गुणपत्रिकेत रकाना नाही. पीक गेले तर छात्राध्यापक नापास झाला असे कोणी म्हणणार नाही, आणि ते का गेले याचे त्याने उत्तम विवेचन केले तरी त्याचे गुणही कोठे बसत नाहीत. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने आंतरवासितेच्या गुणांतील काही भाग या सलग नोंदीसाठी राखायचा ठरवला, तर तो तपासणारा प्राध्यापक पेरणीपासून निदान तीनदा त्या शाळेत गेलेला असावा लागेल. अध्यापक महाविद्यालयांतील रिक्त पदे आणि एका प्राध्यापकाकडे असलेल्या शाळांची संख्या पाहता, या भेटींचे वेळापत्रक जूनमध्येच, पावसाच्या अंदाजासह, मांडून ठेवावे लागेल.